इतरांची खुर्ची

सन दोन हजार तेवीस. त्या साली पावसाळ्याच्या तोंडावर कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला आणि बेळगावच्या स्टँडवर माहेरवाशिणींची अशी झुंबड उडाली की कंडक्टर दारातूनच हात जोडायचे. त्याच साली, दिवाळीच्या आधी, मार्कंडेय विद्यापीठात मंगल सांबरेकरनं स्वतःच्या हातानं स्वतःची खुर्ची मोडली. कुऱ्हाडीनं नव्हे, नुसता हात वर करून. पण मोडली ती कायमची.

ती खुर्ची साधीसुधी नव्हती. विद्यापीठाची कर्मचारी परिषद दर महिन्याला कौन्सिल हॉलमध्ये भरायची. सुट्ट्या कुठल्या, हजेरी कशी घ्यायची, ड्यूटीच्या वेळा काय, सगळं तिथं ठरायचं. लंबगोल टेबलाभोवती अकरा खुर्च्या, प्रत्येकीपुढं लाकडी पाटी. ऑफिस, परीक्षा विभाग, लायब्ररी, लॅब, अशी प्रत्येकाची जागा. आणि दाराजवळच्या खुर्चीपुढची पाटी होती ‘प्रतिनिधी, इतर कर्मचारी’. त्या पाटीमागं मंगल बसायची. सलग तिसऱ्या खेपेला.

सांबऱ्याच्या शेतकरी घरातली मुलगी. टायपिंगची परीक्षा देऊन शहाऐंशी साली इथं चिकटली, तेव्हा हे नुसतं कॉलेज होतं. गल्लीतली ती पहिली नोकरदार बाई. त्यातून परिषदेवर निवड झाली तेव्हा सांबऱ्यात तिला मंगल म्हणायचं बंदच झालं. ती ‘मेंबर’ झाली. दूध घालणारा मेंबर म्हणायचा, जावा मेंबर म्हणायच्या, आणि सासरे तर पाहुण्यांना चहाबरोबर हीच बातमी द्यायचे. “आमची सून कौन्सिलात बसत्या. सायबाच्या म्होरं.” सासरे गेले त्याच्या आदल्या आठवड्यातसुद्धा दवाखान्यातल्या नर्सला त्यांनी हे सांगून ठेवलं होतं.

निवडणूक कधी झालीच नव्हती. ऑफिसचे सुपरिंटेंडंट आण्णाप्पा हुक्केरी फॉर्म घेऊन यायचे, म्हणायचे, “मंगलाक्का, इथं सही करा,” आणि ती बिनविरोध निवडून यायची. परिषद उभी केली आण्णाप्पांनीच. एकमत हा त्यांचा अभिमान होता आणि त्याला कारणही होतं. “या भागात मतदान म्हटलं की आधी मराठी-कानडी सुरू होतं, मग दगड सुरू होतात,” ते म्हणायचे. “वीस वर्षं मी ते दाराबाहेर ठेवलंय.” खोटं नव्हतं ते.

त्या साली लायब्ररीच्या जागेवर सौम्या आली. धारवाडची, तिशीची, मराठी बोलायची ती कानडी हेल काढून, पण बोलायची बिनधास्त. दुसऱ्याच सभेत तिनं ठराव टाकला. ‘इतर’ ही एक जागा रद्द करावी. तिच्याऐवजी मेस आणि हॉस्टेलच्या लोकांना एक, निपाणीच्या उपकेंद्राला एक, अशा दोन जागा द्याव्यात. ज्याची जागा त्याच गटातला उमेदवार, त्याच गटाचं मतदान, चिठ्ठी टाकून. आणि ऑफिसात काम करणाऱ्यांनी ऑफिसच्याच जागेवर उभं राहावं.

ऑफिसात काम करणारी म्हणजे मंगल. आणि ऑफिसची जागा होती आण्णाप्पांची.

सभा संपल्यावर आण्णाप्पा जिन्यात तिच्याजवळ आले. “बघितलंत? पोरगी येऊन चार महिने झाले नाहीत, निघाली तुमची खुर्ची काढून घ्यायला.”

मंगलच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं सौम्याला लायब्ररीत गाठलं. “काय गं, मी काय बसून खुर्ची उबवली होय? माझी माणसं माझ्याकडं येतात, मी त्यांचं बोलते!”

“येतात का आक्का?” सौम्यानं अगदी सरळपणे विचारलं. टोमणा नव्हता तो. “मला खरंच माहीत नाही. शेवटी कोण आलं होतं तुमच्याकडं?”

मंगलला पटकन नाव आठवेना. म्हणून ती आणखीनच चिडली. “थांब तू. मेसमध्ये जाऊनच येते. तिथल्या बायकाच सांगतील तुला.”

मेसमध्ये ती इतक्या वर्षांत फक्त जेवायला गेली होती. आत, चुलीच्या बाजूला, पहिल्यांदाच. चार परातींपाशी चार बायका भाकऱ्या थापत होत्या आणि त्यांची म्होरकी होती जयाबाई. वडगावच्या विणकर घरातली. घरातला माग विकल्यावर इकडं लागलेली. हात जाडजूड आणि जीभ त्याहून.

“जयाबाई,” मंगलनं पदर सावरत विचारलं, “परिषदेतल्या तुमच्या मेंबरबद्दल काय तक्रार न्हाय ना?”

“आमचा मेंबर?” जयाबाईची थाप थांबली. “आमाला कुठला मेंबर?”

“अगं, मीच की!”

“तुमी?” तिनं मंगलला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमी हापिसच्या न्हाय व्हय?”

बाकीच्या तिघी फिसकन हसल्या. मंगलचे कान तापले. “मग इतकी वर्षं तुमचं कोण बोलतंय असं वाटत होतं तुम्हांला?”

“कोण न्हाय असं वाटत होतं,” जयाबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. “आता बघा, ते थंब मशीन. ते हाय तुमच्या हापिसात. आमी येतोय अंधारात, हितं भाजी फोडणीला टाकायची का तिकडं अंगठा लावाया पळायचं? आन पळत गेलं तर मशीन म्हणतंय, तू जयाबाई न्हायच! भाकऱ्या थापून थापून बोटावरच्या रेघा ऱ्हायल्यात कुठं? मग लेट लागतंय. ते मशीन बसवायचं कुणी ठरवलं ओ?”

परिषदेनं ठरवलं होतं. ‘इतर’ची संमती मंगलनंच दिली होती. मशीन नवीन होतं, चकचकीत होतं, आणि तिचा स्वतःचा अंगठा पहिल्याच झटक्यात लागला होता. जयाबाईनं गरम भाकरीवर शेंगाचटणी ठेवून तिच्या हातात दिली. “खावा. उपाशी मेंबर बरा न्हवं.”

घरी जाऊन ती रात्रभर कूस बदलत राहिली, असं काही झालं नाही. मंगलला झोप चांगली लागायची. पण सकाळी उठली ती एकच ठरवून. निपाणीला जायचं. निपाणीचे लोक तरी आपले निघतील, असं कुठंतरी मनात होतं. रविवारी उपकेंद्र बंद, म्हणून मधल्या वारी रजा टाकली, आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेतलं आणि खिडकीजवळ बसली.

निपाणीचं उपकेंद्र होतं एका जुन्या तंबाखूच्या वखारीत. वखार जाऊन पंचवीस वर्षं झाली, भिंतींना चार वेळा रंग दिला, तरी ढगाळ हवेत आत शिरलं की तंबाखूच्या वासानं शिंक यायचीच. दारात जोतिराम शिपाई बसला होता. कोगनोळीचा, पन्नाशीचा, मिश्यांना पीळ.

“मी मंगल सांबरेकर. तुमची परिषदेतली मेंबर.”

जोतिराम ताडकन उभा राहिला, दोन पावलं मागं सरला आणि आत बघून ओरडला, “ए, भाईर या रं समदी! मेंबर आलाय!” मग तिच्याकडं वळून हात जोडत म्हणाला, “रागावू नगासा आक्का. आमचा मेंबर म्हणजे ह्या वखारीतल्या भुतागत. हाय म्हणून समद्यांनी ऐकलंय, बघितला कुणी न्हवता.”

तिला हसूही आलं आणि कुठंतरी लागलंही. चहा आला. चहा पिता पिता तिनं विचारलं, “तुमचं गाऱ्हाणं काय असलं तर सांगा.”

“गाऱ्हाणं लई न्हाय. एकच हाय. उरूस.” जोतिरामनं बशीत चहा ओतला. “निपाणीचा उरूस म्हणजे समदं गाव बंद. हिंदू-मुसलमान समदे तिकडं. आन आमी हितं वखारीत माश्या मारत बसतोय. का? तर सुट्ट्यांची यादी बेळगावात हुत्या. बेळगावच्या सणाला आमाला सुट्टी, तवा हितं आमी घरात बसून काय करायचं ते कळत न्हाय. आन आमच्या उरसाला ड्यूटी! माझी पोरं लहान असल्यापास्नं उरसाला आईबरोबरच जायची. आता मोठी झाली, नोकरीला गेली. बापाबरोबर पाळण्यात बसायचं ऱ्हायलंच की.”

ती यादी दरवर्षी मंगलपुढून जायची. ‘इतर: सहमत.’

परतीच्या बसमध्ये संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, तिचं लक्ष बाहेर नव्हतं. सासऱ्यांचा आवाज कानात घुमत होता. आमची सून कौन्सिलात बसत्या. खरंच की, ती नुसती बसत होती. आणि खुर्ची सोडली तर सांबऱ्यात काय सांगायचं? दूधवाला काय म्हणणार? उणंपुरं एक वर्ष राहिलं होतं निवृत्तीला. एक वर्ष गप्प बसली असती तर मेंबर म्हणूनच हारतुरे घेऊन घरी गेली असती. पण मान आपला म्हणून आपण मिरवतोय आणि ज्यांच्या नावानं मिरवतोय त्यांना पत्ताच नाही, हे एकदा दिसल्यावर डोळे मिटून कसं घेणार?

पुढच्या सभेत ठराव मताला आला. पाच हात वर, पाच टेबलावर. उरली मंगल. आण्णाप्पा तिच्याकडं बघत होते. तिनं उभं राहून पाटी हातात घेतली.

“ह्या पाटीवर लिहिलंय ‘इतर’,” ती म्हणाली. “मी मेसमध्ये गेले, निपाणीला गेले. तिथं इतर कोण सापडलं नाही. सगळ्यांना नावं आहेत.” आणि तिनं पाटी पालथी घालून हात वर केला.

सभा सुटल्यावर आण्णाप्पा एवढंच बोलले, “मंगलाक्का, तुम्ही दार उघडलंत. आता आत काय येतंय ते बघा.”

निवडणूक जानेवारीत लागली. अर्जांसाठी आठवडा दिला. नोटिसा मेसच्या भिंतीवर लागल्या, निपाणीच्या दारावर लागल्या. कानडीतून, मराठीतून, दोन्हीतून. सौम्यानं स्वतः जाऊन वाचून दाखवल्या. आणि शेवटचा दिवस उजाडला तरी दोन्ही जागांसाठी एकही अर्ज आला नव्हता.

दुपारी चारच्या सुमारास सौम्या मंगलच्या टेबलापाशी आली. चेहरा पडलेला. “आक्का, त्यांना नकोच आहे वाटतं. पाचला मुदत संपते. अर्ज नसला तर जागा सुपरिंटेंडंटनी सुचवलेल्या माणसाला, असं नियमात आहे. आपण भांडलो कुणासाठी?”

पलीकडं आण्णाप्पा फायलीत डोकं घालून होते, पण कान इकडंच. “मी म्हटलं नव्हतं?” ते हळूच म्हणाले. “लोकांना शांतता हवी असते.”

मंगल तडक मेसमध्ये गेली. सौम्या मागोमाग. “जयाबाई! अर्ज का नाही भरला गं?”

“मी कशाला भरू?” जयाबाई भांडी आवरत होती. “ज्याला बोलावतील त्यो भरंल.”

“कोण बोलावणार?”

“ते मला काय म्हायती? कोण तरी ईल, म्हणंल, बाई तू हो. मग बघू. आपण होऊन मान मागायचा व्हय? माणसं त्वांडात शेण घालतील.”

कोपऱ्यातली एक म्हणाली, “आमी समद्या म्हणतोय की जयाबाईच व्हावी.”

“मग सांगितलंत का तिला?”

“आता! आमी कशाला सांगू? तिला पान-सुपारी द्यायाला थोर माणूस नगं का?”

सौम्या बघतच राहिली. मंगलनं मात्र कपाळावर हात मारला आणि खदखदून हसली. हे तिला कसं सुचलं नव्हतं? तिच्या गावात देवीच्या यात्रेची पंच कमिटी बसते, तेव्हा कुठल्या गल्लीचा पंच स्वतः उठून ‘मी होतो’ म्हणालाय? गल्लीतली चार थोर माणसं त्याच्या दारात नारळ आणि विडा घेऊन जातात. तो ‘नको’ म्हणतो. पुन्हा म्हणतात. तो पुन्हा ‘नको’ म्हणतो. तिसऱ्या खेपेला विडा घेतो. न बोलावता जो पुढं येतो त्याला हावरट म्हणतात. आणि तिला स्वतःला? आण्णाप्पा दर खेपेला फॉर्म घेऊन आले होते, तोच तिचा विडा होता. या बायकांच्या दारात आजवर कुणी गेलंच नव्हतं.

“सौम्या, कोठीतनं नारळ आण. ए, पान कुणाकडं आहे?”

पानाची चंची जयाबाईच्याच कमरेला निघाली. तिच्याच चंचीतलं पान, तिचीच सुपारी आणि मेसचा नारळ घेऊन मंगल तिच्यापुढं उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. “जयाबाई, मेस आणि हॉस्टेलच्या वतीनं तुला बोलावतोय. परिषदेवर चल.”

“मला न्हाय जमायचं,” जयाबाई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

“हे एकदा झालं. आता दुसऱ्यांदा म्हण लवकर, साडेचार वाजून गेल्यात!”

“आवो, असं घाईनं कुटं ‘न्हाय’ म्हणतात व्हय?”

“म्हण गं बाई!”

“न्हाय.”

“झालं. आता घे विडा.”

सगळं स्वयंपाकघर हसत होतं. जयाबाईनं हात पदराला पुसून विडा घेतला. सूचक, अनुमोदक, सह्या झाल्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “मलाबी उभं ऱ्हायचंय.”

हॉस्टेल झाडणारी राणी होती. पंचविशीची, झाडू अजून हातात. “मला विडा नगं. फॉर्म द्या.”

जयाबाईचा चेहरा उतरला. “बघा, लाज हाय का हिला?”

“लाज कसली जयाबाई? मेस एका टोकाला, हॉस्टेल दुसऱ्या टोकाला. आमच्या झाडूवाल्यांचं तुमाला काय म्हायती? भाकऱ्या थापून तुमचा अंगठा मशीनला लागत न्हाय, आमाला संडास धुवायला हातमोजं मिळत न्हाईत. माझं मी बोलीन.”

मंगलनं दुसरा फॉर्म काढला. “मी हिची सूचक होते,” असं म्हणायला गेली आणि थांबली. गट तिचा नव्हता. तिनं बायकांकडं बघितलं. आणि विडा घेतलेली जयाबाईच म्हणाली, “आण हिकडं. मी करते सही. पण राणे, मी तुला पाडणार हाय बघ!”

“बघू की!”

राहिली निपाणी. सौम्यानं व्हिडिओ कॉल लावला. जोतिराम पडद्यावर दिसला, मिश्यांसकट. मंगलनं नारळ फोनपुढं धरला. “जोतिराम, उपकेंद्राच्या वतीनं...”

“आवो आक्का, फोनवरनं विडा कसा घेऊ?” तो म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, “घे रं! आमी हितं देतो की!” आणि खरोखरच एका हातानं त्याच्या तोंडापुढं पानाचा विडा धरला. त्यानं ‘न्हाय’ किती वेळा म्हटलं ते गोंधळात ऐकू आलं नाही. फॉर्मचा फोटो आला तेव्हा पाचला पाच-सात मिनिटं कमी होती. सौम्या धावत ऑफिसात गेली आणि तिन्ही अर्ज आण्णाप्पांच्या टेबलावर ठेवले. आण्णाप्पांनी ते एकेक करून वाचले. शिक्का मारताना म्हणाले, “निपाणीत एकच अर्ज, तो बिनविरोध. मेसमध्ये दोन उमेदवार? म्हणजे मतदान घ्यावं लागणार.”

“घ्या की साहेब,” मंगल म्हणाली. “दगड पडले तर मी झेलते.”

दगड पडले नाहीत. मतदानाच्या दिवशी मेसच्या बायका डोक्यात अबोलीचे गजरे माळून आल्या. जयाबाई घरची मराठी, राणी घरची कानडी, पण त्यावरून एक शब्द निघाला नाही. भांडण झालं ते अंगठा आणि हातमोजे यांवरूनच. चिठ्ठ्या आण्णाप्पांनीच मोजल्या, दोनदा. जयाबाई तीन मतांनी आली. राणीनं निकाल ऐकून झाडू उचलला आणि म्हणाली, “तीनच! तीन वर्सांनी बघते.” आण्णाप्पा चिठ्ठ्या बांधत होते. त्यांनी मंगलकडं बघून मान हलवली. “मंगलाक्का, अशी निवडणूक मी पहिल्यांदाच बघितली. मला वाटलं होतं, एकमत म्हणजेच शांतता.”

पहिल्या सभेला जयाबाई इरकल नेसून आली. मंगल दाराबाहेर उभी होती, आत जायचा हक्क आता नव्हता. खुर्चीपुढं नवी पाटी होती. जयाबाई बसली, पाटी नीट केली आणि कार्यवृत्त वाचायला सुरुवात व्हायच्या आत म्हणाली, “सायब, आदी ते मशीन.” बाहेर मंगलचं ऊर भरून आलं. स्वतः तीन खेपा आत बसली होती, तेव्हाही असं झालं नव्हतं.

त्या गोष्टीला आता दिवस झाले. मशीन मेसच्या दाराशी आलं, आणि ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांच्यासाठी चेहऱ्याची हजेरी झाली. राणीला हातमोजे जयाबाईनंच मिळवून दिले आणि वर ऐकवलं, “मत न देता मिळालं, ध्यानात ठेव.” राणी पुढच्या खेपेची तयारी आत्तापासूनच करते आहे. जोतिराम पहिल्याच वर्षी परिषदेत उरसाची सुट्टी मंजूर करून घेऊन निपाणीला परतला. पुढच्या उरसाला तो पुण्याहून आलेल्या थोरल्या मुलाबरोबर आकाशपाळण्यात बसला आणि त्याचा फोटो त्यानं मंगलला पाठवला. फोटोत मुलगा हसतोय, बापानं डोळे गच्च मिटलेत. आण्णाप्पा निवृत्त होऊन टिळकवाडीत असतात. त्यांच्या सोसायटीत चेअरमनची निवडणूक चिठ्ठ्या टाकून व्हावी असा हट्ट त्यांनी धरला आणि त्यात ते स्वतः पडले, तरी खूश आहेत म्हणे. सौम्या परिषदेची सचिव झाली. तिच्या मराठीतला हेल तसाच आहे.

मंगल चोवीस साली निवृत्त झाली. सांबऱ्यात विमानतळ आहे, डोक्यावरून विमानं जातात, दूधवाला अजून मेंबरच म्हणतो. “माजी म्हण रे,” ती सांगते, तो ऐकत नाही. मागच्या माघात देवीच्या यात्रेची पंच कमिटी बसायची होती. संध्याकाळी दारात चपला वाजल्या. गल्लीतली चार थोर माणसं, हातात नारळ आणि विडा. आजवर कुठल्या बाईच्या दारात तो विडा आला नव्हता.

“मंगलाक्का, गल्लीचा पंच म्हणून तुला बोलावतोय.”

“नको,” मंगल म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं. रीतीप्रमाणं अजून एकदा नको म्हणायचं होतं. पण तिचा हात आधीच पुढं झाला होता.